वीतभर बांध

माझी जाऊ मला जन्मभर चोर म्हणाली आणि मी तिला दरोडेखोर म्हणाले. दोघींचंही खरं होतं, त्यामुळे भांडण कधी मिटलं नाही.

आमची शेतं लागून. सासऱ्यांच्या एका शेताचे दोन तुकडे झाले. वरचा थोरल्या दिरांना, खालचा माझ्या नवऱ्याला. मध्ये बांध, आणि बांधाच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, हद्दीचा एक काळा दगड. माझ्या तुकड्याच्या बाकी तिन्ही बाजूंना माणूस नाहीच. एकीकडे रस्ता, मागे ओढा, खाली नुसता खडक. म्हणजे अख्ख्या जगात मला शेजार म्हणून एक जाऊच होती. भाऊ भाऊ होते तोवर आमचं भांडण जरा मर्यादेत होतं. ते दोघे एकामागून एक गेले, आणि आम्हाला रान मोकळं मिळालं.

भांडणाची पद्धत ठरलेली होती. शेतात मशागत सुरू झाली की मी माझ्या बाजूने बांध कोरायचे. फार नाही, खुरप्याचं पातं जाईल एवढाच. पलीकडून ती तेच करायची. दोघींनी मिळून त्या बांधाला इतकं हडकुळं करून ठेवलं होतं की त्यावरून शेळीसुद्धा विचार करून जायची. दगडाचं काम पहाटेचं. मी उठून तो वीतभर पलीकडे ढकलायचे. दोन-चार दिवसांनी बघावं तर स्वारी पुन्हा अलीकडे. मग मी रस्त्यात उभी राहून तोंडाचा पट्टा सोडायचे, आणि ती आतून ओला हात पुसत, जणू वाटच बघत होती अशी बाहेर यायची. इतक्या वर्षांत तो दगड किती हिंडला असेल कोण जाणे, पण शेवटी होता तिथेच होता.

ती नात्याने मोठी. त्यामुळे मी तिला 'तुम्ही' म्हणायचे. शिव्यासुद्धा 'तुम्ही' म्हणूनच दिल्या. "जाऊबाई, तुमच्या हाताला कीड पडो," असं. आणि ती, "धाकटे, तुझ्या जिभेला काही हाड?" असं. येणारे-जाणारे सायकल थांबवून ऐकायचे. आम्ही कधी त्यांना निराश केलं नाही.

मग आमच्या भागाचा विकास व्हायचं ठरलं.

कुठे ठरलं, कोणी ठरवलं, ते आम्हाला कळलं नाही. कळलं तेव्हा ठरून गेलेलं होतं. मोठा रस्ता जवळून जाणार, म्हणून इथे गोदामं होणार. पत्र्याची, उंच, आत एकही खिडकी नाही अशी. आता जमिनीचे कागद आमच्याकडे कोणाकडेच नव्हते. कोणाच्या तरी आजोबाने झुडपं काढून शेत केलं, मग बापाने कसलं, मग मुलाने. कोणाचं कुठवर, ते ज्याला त्याला ठाऊक. ठाऊक असणं हाच आमचा कागद. कचेरीतून माणसं आली, त्यांनी बाकं मांडली, आणि समजावून सांगितलं की शेत सोडा, त्याबदल्यात शहराच्या कडेला खोली घ्या. नळ घरात, दिवा घरात, दवाखाना खाली. खोटं काही बोलले नाहीत. नळ, दिवा, दवाखाना, सगळं दिलं.

एकेक करून सगळे गेले. जाऊसुद्धा गेली, कारण तिच्या मुलाने ठरवलं. माझा हा पुतण्या गुणी आहे, तिकडे लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. आईला एकटीला इथे कुठे ठेवणार होता? टेम्पोत सामान चढलं, सामानावर जाऊ चढली. निरोप बिरोप काही नाही. टेम्पो वळणावर गेला तेव्हा मागून तिचा आवाज आला, "दगडाला हात लावलास तर याद राख!"

मी नाही गेले. लोक म्हणाले, हट्टी आहे. आहेच मी हट्टी, त्यात काय. पण चौथ्या मजल्यावर मी करणार काय? मला मिरची लावता येते, घेवडा लावता येतो, शेळ्या सांभाळता येतात. मूलबाळ नाही, की नातवंडं खेळवत बसेन. शेतातून उठवलं तर माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरत नाही, हे मला त्या बाकांवरच्या माणसांपेक्षा चांगलं कळत होतं.

ते सगळे गेल्यानंतरच्या पहाटे मी सवयीने उठले आणि दगडापाशी गेले. आता तो पार जाऊच्या शेताच्या पलीकडच्या टोकाला नेला असता तरी विचारणारं कोणी नव्हतं. हात लावला. आणि तशीच उभी राहिले. ढकलून करू काय? परत आणणार कोण? हात झटकला आणि घरी आले. त्यानंतर त्या दगडाला मी हात लावला नाही.

रिकामं गाव कसं असतं ते सांगते. लोकांनी जाताना दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या, कारण त्या विकता येतात. त्यामुळे घरं उघड्या तोंडाने उभी. वाऱ्याला कुठूनही कुठेही जाता येत होतं. दुकान गेलं, पिठाची चक्की गेली, बस आतपर्यंत यायची ती मोठ्या रस्त्यावरच थांबू लागली. मी दिवसभर शेतात राबायचे आणि बोलायचे शेळ्यांशी. पण शेळ्यांशी भांडता येत नाही. काही म्हटलं तरी त्या तोंड हलवत बसतात. एकदा मीठ आणायला मोठ्या रस्त्यावर गेले आणि दुकानदाराला "मीठ द्या" म्हटलं, तर माझाच आवाज मला ओळखू येईना, इतका घोगरा झाला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

असं चाललं असताना मोजणीदार आला. सडपातळ, टोपीतून घाम गळणारा, बोलायला सौम्य. म्हणाला, "आजी, नवा नियम आलाय. जे उरलेत त्यांना त्यांच्या जमिनीचा पक्का कागद मिळणार आहे."

मी म्हटलं, "उरलेत कोण? मीच."

"मग तुम्हाला मिळेल. फक्त दोन गोष्टी हव्यात. जमीन तुम्ही स्वतः कसत असायला हवी, ती तर दिसतेच आहे. आणि शेजारची जमीन ज्याने शेवटची कसली, त्याने मोजणीच्या दिवशी बांधावर उभं राहून हद्द दाखवायला हवी."

"आणि शेजारी नसला तर?"

तो जरा घुटमळला. "मग बेवारस लिहावी लागते. बेवारस जमीन प्रकल्पात जाते."

मी कपाळाला हात लावला. ज्यांनी नियम केला त्यांनीच आधी शेजारी उचलून नेले होते, आणि आता विचारत होते शेजारी कुठे आहे. पण त्या मोजणीदारावर ओरडून काय उपयोग? त्याने नियम केला नव्हता, तो नियमाची पिशवी खांद्यावर घेऊन फिरत होता इतकंच. मोजणीचा दिवस पुढच्या आठवड्यातला ठरला. आणि मला शेत राखायचं असेल तर जगातल्या एकाच माणसाने येऊन साक्ष द्यायला हवी होती, ती म्हणजे माझी जाऊ.

शेळ्यांना चारा-पाणी ठेवून मी शहराची बस धरली. सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या, पिवळ्या, अंगावर आकडे घातलेल्या. जिने चढले, उतरले, पुन्हा चढले. कोणाला विचारावं तर दारं बंद. शेवटी एका मजल्यावर लांबलचक व्हरांड्यात एका दाराबाहेर चपलांची सरळ रांग दिसली, आणि रांगेच्या टोकाला, शेजारच्या दाराच्या अगदी अंगाला, एक वीट ठेवलेली. बघताक्षणी ओळखलं. दार वाजवलं.

जाऊनेच उघडलं. वाळली होती. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "चपला विटेच्या आत काढ."

खोली स्वच्छ होती. एक पलंग, एक गुंडाळलेली गादी, भिंतीला टेकवून ठेवलेली शिलाई मशीन सुनेची, सून कामावर. एक खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीची खिडकी. पुतण्या दुपारच्या पाळीला निघायच्या घाईत होता, तरी माझ्यासाठी थांबला. त्याने चहा टाकला. जाऊ वाटाणे सोलायला बसली होती, मान वर न करता म्हणाली, "साखर जास्त घाल. तिला गोड लागतं."

मी काय हवंय ते सांगितलं. सरळ सांगितलं, मला गोल गोल बोलता येत नाही. पुतण्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"काकू," तो म्हणाला, "रागावू नका. या खोलीचा कागद आम्हाला अजून मिळालेला नाही. कोणालाच नाही. सगळी जमीन मोकळी झाल्याशिवाय देणार नाहीत असं सांगितलंय. आई तिकडे उभी राहिली तर अख्ख्या इमारतीचे कागद अडकतील. उद्या यांनी आम्हाला इथूनही काढलं तर जायचं कुठे?"

माझं डोकं सणकलं. "म्हणजे तुमचे कागद मी अडवलेत काय?"

"तुम्ही काही केलं नाही, काकू. तुम्ही तिथे आहात, एवढंच."

त्याने ते इतक्या हळू आवाजात म्हटलं की मला भांडायलाही जागा राहिली नाही. खरंच तर होतं. त्याच्या जागी मी असते तर माझ्या आईला मीही जाऊ दिलं नसतं. चहा पिऊन टाकला. जाऊकडे पाहिलं. तिचे हात चालू होते, वाटाणे टपटप पातेल्यात पडत होते, आणि ती, जिने आयुष्यात कधी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, ती एक शब्द बोलत नव्हती. पुतण्या पिशवी घेऊन कामाला गेला. मीही उठले.

ती मला सोडायला व्हरांड्यात आली. मी चपला घालताना तिने पायाने वीट जराशी पुढे सरकवली, शेजारच्यांच्या दाराकडे.

"बोलत नाहीत का ते?" मी विचारलं.

"नाही गं. रोज चार बोटं सरकवते. पहिल्यांदा वाटलं आज बाहेर येतील, आज येतील." ती त्या बंद दाराकडे बघत होती. "परवा त्यांनी आपल्या चपलाच आत घेतल्या. इथे कोणी भांडत नाही. दार लावून घेतात."

मला काही तरी बोलायचं होतं, पण आमच्यात चांगलं बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे शब्द सापडेनात. जिन्यापाशी गेल्यावर मी एवढंच म्हटलं, "तुम्ही नाही आलात तर ते बेवारस लिहिणार आहेत."

"काय लिहिणार?"

"बेवारस. म्हणजे ते शेत कोणाचंच नव्हतं असं."

तिने नाक मुरडलं. मी खाली उतरले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी तिला 'या' असं म्हटलंच नव्हतं. विनंती करायची ती राहूनच गेली.

मोजणीच्या दिवशी मोजणीदार सकाळीच आला. त्याने तीन पायांचं यंत्र उभं केलं, छत्री उघडून त्याच्यावर धरायला एक माणूस ठेवला. स्वतः मात्र उन्हात. प्रकल्पाचा कुंपणवालाही आला होता, दाढीवाला, हसतमुख. त्याला काही घाई नव्हती. माझं शेत मिळालं तर कुंपण सरळ जाणार होतं, नाही मिळालं तर वळसा घालून. त्याने पुढच्या तयारीसाठी खांबही मागवून ठेवले होते. मी बांधावर उभी राहिले. नंतर दगडावर बसले. मोजणीदाराने डबा खाल्ला, मला अर्धा देऊ केला, मी नको म्हटलं. रस्त्यावर कोणी दिसलं की मी उठायचे. दोनदा उठले. एकदा पाणी वाहून नेणारा होता, एकदा कोणीच नव्हतं, नुसती धूळ.

"आजी," ऊन कललं तसा मोजणीदार म्हणाला, "मी थांबलो असतो हो. पण उजेड गेला की यंत्राला दिसत नाही."

"थांबा थोडं," मी म्हटलं. कोणाच्या भरवशावर म्हटलं, मलाच ठाऊक नाही. मिरच्यांकडे पाहिलं. तोडायला आल्या होत्या. पुढच्या वेळी या तोडणार कोण, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले. मी पाठ फिरवली. कुंपणवाल्यापुढे रडायचं नव्हतं मला.

तेवढ्यात खांबांचा ट्रक आला. ट्रकच्या पुढच्या बाजूचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या शेजारून, चपला हातात घेऊन, एकेक पायरी चाचपत, माझी जाऊ खाली उतरली. कुंपणाच्याच ट्रकमधून! मोठ्या रस्त्यावर बस सोडून तिने त्याला हात केला होता आणि वाटभर त्याचं डोकं खाल्लं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसतच होतं.

ती माझ्याकडे आली नाही. सरळ दगडापाशी गेली. वाकली. बांधाच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा इथे कसा?"

मी म्हटलं, "होता तिथेच आहे."

"होता तिथे? धाकटे, मी गेल्यावर तू याला गप्प बसू दिलं असशील? वीतभर माझ्यात आलाय हा!"

"देवाशपथ हात लावला नाही!"

"तुझी शपथ! तू शपथ घेतलीस की मी आधी दगड बघून येते!"

झालं. सुरू झालं. मी तिला दरोडेखोर म्हटलं, तिने मला चोर म्हटलं. ओढ्याकडच्या झाडाच्या शेंगा निघाल्या, नांगराचा मोडलेला फाळ निघाला, माझ्या शेळीने खाल्लेली तिची कोवळी रोपं निघाली. माझा आवाज कसा खणखणीत लागला होता! घोगरेपणा कुठल्या कुठे गेला. मी पदराचं भान सोडून हातवारे करत होते आणि आतून मला इतकं बरं वाटत होतं की ते कोणाला सांगण्यासारखं नाही. ड्रायव्हर ट्रकच्या टपावर चढून बसला होता. छत्रीवाल्याची छत्री कधीच कलली होती.

"आजी! आजी!" मोजणीदार दोघींच्या मध्ये आला. जाऊला म्हणाला, "आधी एवढंच सांगा, खालची जमीन कसतं कोण?"

"कसतं कोण म्हणजे?" ती त्याच्यावरच उखडली. "ही! ही कसते! दुसरं कोण? ही लग्न होऊन आली तेव्हापासून इथे राबतेय आणि माझा बांध कोरतेय. कोणाचीच नाही म्हणे! मग मी जन्मभर भांडले ती कोणाशी, भुताशी?"

मोजणीदाराने ते लिहून घेतलं. कुंपणवाल्याचं हसू जरा मावळलं.

"छान," मोजणीदार म्हणाला. "आता हद्द कुठे ते दाखवा."

जाऊ बांधावरून माझ्या बाजूला वीतभर आत आली आणि पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढली. "इथे."

"तुम्हाला मान्य?" त्याने मला विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. शब्द अगदी ओठांवर होते, चांगले धारदार. त्याने हात वर केला. "आजी, एक सांगून ठेवतो. दोघींचं एकमत झालं तर आजच्या आज हद्द पक्की होते. नाही झालं तर मला वादग्रस्त लिहावं लागेल. मग फाईल वर जाते."

"वर गेली की?"

"वर गेलेली खाली आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही."

कुंपणवाला पुन्हा हसायला लागला.

मी त्या रेघेकडे पाहिलं. वीतभर जमीन. माझीच होती ती, दगड होता तिथेच होता, हे मी कुठेही छातीठोक सांगेन. ती वीत वाचवायला मी किती पहाटे घालवल्या होत्या. आणि पलीकडे आता जाऊची जमीन तरी कुठे होती? ती वीत तिच्याही उपयोगाची नव्हती, गोदामाच्या घशात जाणार होती. मी ओठ आवळले. जिभेला जन्मात पहिल्यांदा दावं बांधलं.

"जाऊबाईंचंच खरं आहे," मी म्हटलं.

जाऊ माझ्याकडे बघत राहिली.

"काय म्हणालीस?"

"तुमचंच खरं. तिथेच आहे हद्द."

"बरी आहेस ना तू?" ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा असतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मोजणीदाराने वेळ घालवला नाही. माणसांकडून दगड उपटून घेतला, रेघेवर खड्डा खणला, दगड त्यात बसवला आणि भोवती सिमेंट ओतलं. यंत्रातून बघितलं, आकडा टिपला, दोघींचे अंगठे घेतले. म्हणाला, "आता हा कोणाच्या बापाला हलायचा नाही." बिचारा आनंदाने म्हणाला.

सिमेंट सुकेपर्यंत आम्ही दोघी जवळच मातीत बसलो. इतक्या जवळ आम्ही कधी बसलो नव्हतो. तिचे पाय सुजले होते.

"वीतभर जास्तच सांगितलं मी," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग भांडली का नाहीस?"

"भांडले असते तर शेत गेलं असतं."

ती मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडत राहिली. मग कोणावर तरी रागावल्यासारखी म्हणाली, "दोन गाड्या बदलून आले मी. त्या ट्रकवाल्याच्या विनवण्या केल्या. पोराला न सांगता आले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साक्ष द्यायला ती आली नव्हतीच. ती भांडायला आली होती. आणि भांडण रंगात आलेलं असताना मीच ते मोडलं होतं.

"पोरगा रागावेल," मी म्हटलं.

"बोलणार नाही काही दिवस. तसाही दमून येतो, कुठे बोलतो." ती उठली, मागचं झटकलं. ट्रक परत निघाला होता. चढताना तिने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टेम्पोतून जाताना ओरडली होती तसं काही तरी ओरडेल म्हणून मी कान देऊन उभी राहिले. ट्रक वळणावर गेला. ती काही ओरडली नाही.

कागद मिळाला. चांगला जाड आहे, त्यावर माझं नाव आहे, डब्यात ठेवलाय. माझं शेत माझं झालं, आणि मी मरेपर्यंत मला इथून कोणी हलवू शकत नाही. त्याचा आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. त्या दिवशी मी शेळ्यांना गूळ घातला.

नंतर पुतण्याचा फोन आला, मोठ्या रस्त्यावरच्या दुकानदाराच्या फोनवर. आवाज अजूनही हळूच. "काकू, आईला आता परत बोलावू नका. कागद लांबलेत. इमारतीत कोणी आमच्याशी बोलत नाही." मी विचारलं, जाऊबाई कशा आहेत. म्हणाला, "बऱ्या आहेत. वीट आत आणून ठेवलीय तिने."

कुंपण झालं. गंमत अशी की त्यांनी ते जुन्याच आखणीवर घातलं, दगड आधी होता त्या रेषेवर. आखणी बदलायची तर मोठ्या साहेबाची सही लागते म्हणे. त्यामुळे नवा दगड आणि कुंपण यांच्या मध्ये एक वीत जागा तशीच उरली. पलीकडे गोदामाची पत्र्याची भिंत, अलीकडे माझी मिरची, आणि मध्ये शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती वीतभर पट्टी. मी तिच्यात काही लावत नाही. तिच्यात गवत माजलंय.

गोदामाचा रखवालदार कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसतो. एका दुपारी त्याने विचारलं, "आजी, एवढी जागा मोकळी का सोडलीत? घेवडा लावा की, कुंपणावर चढेल."

"ती माझी नाही," मी म्हटलं. "माझ्या जाऊची आहे."

"मग त्या येतात कधी?"

"येतील. त्यांच्या बांधाला कोणी हात लावला की धावत येतात."

तो हसला आणि मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. मी काही वेळ उभी राहिले. मग घरात गेले, खुरपं आणलं, आणि भर उन्हात, मोठ्या रस्त्यावरूनही दिसेल अशी, दगडाशेजारी फतकल मारून बसले. तिच्या बाजूची माती कोरायला लागले. खुरपं मुद्दाम सिमेंटवर आपटत होते, आवाज व्हावा म्हणून. मध्येमध्ये वळणाकडे बघत होते.

बराच वेळ कोरलं. कोणी ओरडलं नाही.